मानपत्रातून ‘मास्तर’ कुणी काढला?

दुपारपासून डोकं ठिकाणावर नाही. इथे लिहून टाकते, म्हणजे रात्री झोप तरी लागेल. लांबणार आहे, सवड असेल त्यांनीच वाचा.

आज गावात आमच्या मास्तरांचा सत्कार होता. मास्तर आता 88 वर्षांचे. मूळचे बांद्याकडचे, म्हणजे गोव्याच्या सीमेपलीकडच्या महाराष्ट्रातले. गोवा मुक्त झाला, पहिलं सरकार आलं आणि भाऊसाहेब बांदोडकरांनी गावोगाव मराठी प्राथमिक शाळा उघडायला घेतल्या, तेव्हा पलीकडून जे तरुण शिक्षक आले त्यांतले हे एक. एक ट्रंक, एक वळकटी आणि कंदील घेऊन आले ते इथलेच झाले. पेडणे तालुक्यातल्या आमच्या त्या गावात आज साठीच्या आत-बाहेरचं जे कुणी सही करतं, ते त्यांच्या हाताखालून गेलेलं आहे.

मानपत्र लिहायचं काम माझ्याकडे होतं. तीन रात्री बसून लिहिलं. सुरुवातच ‘आमचे मास्तर’ अशी केली होती. आज मंडपात पोचले, काचेच्या चौकटीतलं छापील मानपत्र हातात घेतलं आणि पहिली ओळ वाचली: ‘परमपूज्य गुरुवर्य’. पुढे जिथे जिथे मी मास्तर लिहिलं होतं तिथे तिथे ‘सर’. अकरा ठिकाणी. मोजले मी.

विचारलं, तर समितीतला एक मुलगा, चांगला मुलगा आहे, कामसू आहे, हळूच म्हणाला, “मावशी, मास्तर बरं दिसत नाही ना. टेलरला मास्तर म्हणतात. बसच्या कंडक्टरला मास्तर म्हणतात. एवढ्या मोठ्या माणसाला कसं लिहिणार?”

मी काही बोलले नाही. मंडपात काय बोलणार. पण तेव्हापासून माझ्या डोळ्यांपुढे एक पाटी आहे.

1975 चा जून. मी दुसरीत. पाटी दादाची, माझ्याकडे उतरलेली. शाळेत जाताना वाटेत व्हाळ लागायचा, त्यावर माडाच्या ओंडक्यांचा साकव. पावसात तो साकव शेवाळाने निसरडा झालेला. पाय घसरला, मी वाचले, पाटी दगडावर आपटली. चौकट निखळून व्हाळातून वाहून गेली आणि पाटीचा एक कोपरा उडाला. नवी पाटी मागायची सोय घरात नव्हती. मी शाळेच्या पडवीत रडत उभी. मास्तर बाहेर आले, पाटी हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, “कित्याक रडतंस गो चेडवा? सुटल्यावर मेस्ताकडे जाव्या.”

तो मेस्त मी पुढे सांगते. आधी त्या ‘गुरुवर्य’चं बघू.

निवेदन करणाऱ्या मुलीने सुरुवातीलाच सांगितलं की ‘गु’ म्हणजे अंधार, ‘रु’ म्हणजे तो घालवणारा, म्हणून गुरू. टाळ्या पडल्या. दर गुरुपौर्णिमेला हाच संदेश आपल्या सगळ्यांच्या फोनवर पंधरा-वीस वेळा येतो. अर्थ सुंदर आहे, मान्य. जुनाही आहे, अद्वयतारकोपनिषदात आहे. पण तो शब्दावर मागाहून चढवलेला अर्थ आहे, शब्दाचा जन्म तिथला नव्हे. गुरू म्हणजे जड. वजनदार. गुरुत्वाकर्षणातला गुरू तोच, वृत्तांतल्या लघु-गुरूतला गुरू तोच. लॅटिनमधला ‘ग्राविस’ म्हणजे जड, तो याचाच लांबचा भाऊ. ज्याच्या शब्दाला वजन तो गुरू, इतकं साधं आहे ते. आणि हे लघु-गुरू मला कुणी शिकवलं? मास्तरांनीच, चौथीत, बाकावर बोटं आपटून. लघूला एक टिचकी, गुरूला दोन.

तर गुरू शब्दाशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते एका शब्दाला पाटावर बसवण्यासाठी दुसऱ्याला ओट्याखाली उतरवण्याशी.

मेस्ताकडे वळते. शाळेपासून दोन शेतं ओलांडली की त्यांचा मांगर, म्हणजे शेतातलं खोपट. गोव्यातल्या कितीतरी सुतारांसारखं त्यांचंही आडनाव चारी, पण अख्खा गाव त्यांना मेस्त म्हणायचा. मास्तरांनी पाटी त्यांच्यापुढे ठेवली. मेस्तांनी फणसाच्या लाकडाची एक फळी काढली, चार पट्ट्या कापल्या. आणि मास्तर पायजमा वर खोचून खाली बसले, रंधा हातात घेतला. आम्ही सात-आठ पोरं भोवती. मास्तरांना जमेना. रंधा अडकायला लागला, लाकडाचे तुकडे उडायला लागले. मेस्त थोडा वेळ बघत राहिले, मग म्हणाले, “तशें न्हय मास्तर, अशें धरात.” आणि मास्तर, ज्यांच्या नुसत्या खाकरण्याने चार वर्ग गप्प व्हायचे ते मास्तर, म्हणाले, “परत एकदा दाखवा बघया.”

आमच्यासमोर. त्यांनी चूक केली, विचारलं आणि शिकले, आमच्यासमोर.

आता हा ‘मेस्त’ शब्द बघा. आपण गोव्यात राहतो, आपल्याला तर हे कुणी सांगायला नको. पोर्तुगीजांचा ‘मेस्त्रे’. म्हणजे उस्ताद, कसबी माणूस, आणि म्हणजे शिक्षकसुद्धा. सुताराला मेस्त म्हणतो तो शब्द हाच, मराठीतला मेस्त्री नि मिस्त्रीही हाच. बार्देश-सासष्टी या तालुक्यांतल्या इगर्जींना, म्हणजे चर्चना, जोडून ज्या शाळा होत्या, तिथे पोरांना सूर आणि व्हायोलिन शिकवणारा, तोही मेस्त्रे. गोव्यातून इतके वादक मुंबईत गेले ते काय आपोआप तयार झाले? हा ‘मेस्त्रे’ आला लॅटिनमधल्या ‘मागिस्तेर’वरून. त्याच्या पोटात ‘मागिस’, म्हणजे अधिक. जो इतरांहून अधिक जाणतो तो. आणि इंग्रजीतला ‘मास्टर’? तोही त्याच ‘मागिस्तेर’चा. मेस्त आणि मास्तर हे सख्खे भाऊ आहेत. एक 1510 नंतर गलबतातून थेट आपल्या किनाऱ्याला लागला, दुसरा इंग्रजांबरोबर मुंबई-पुण्याकडे उतरला आणि बांद्याहून ट्रंक घेऊन आमच्या गावात आला. त्या दिवशी फणसाच्या भुश्यात जे दोघे समोरासमोर बसले होते, त्यांना गाव एकाच शब्दाने हाक मारत होता. दोघांनाही ते ठाऊक नव्हतं. मलाही पुढे तीस वर्षं नव्हतं.

आसगावचे ख्रिस्ती धर्मगुरू मोन्सेन्योर सेबास्तियांव रोदोल्फो दालगाद यांनी पोर्तुगीज शब्द आशियातल्या कुठकुठल्या भाषांत जाऊन बसले हे शोधण्यात किती वर्षं घातली. 1913 साली त्यांचा त्यावरचा ग्रंथ छापला गेला. बार्देशात जन्मलेल्या माणसाने हे करून ठेवलंय आणि आम्ही त्याच गोव्यात बसून म्हणतो, मास्तर बरं दिसत नाही.

अजून एक गोष्ट, आणि ही मला कळली तेव्हा मी बँकेतल्या माझ्या टेबलावर कितीतरी वेळ नुसती बसून राहिले होते. ‘चारी’ हे आडनाव. ते आहे ‘आचार्य’चं. आचार्य, आचारी, चारी. म्हणजे संस्कृतातला शिक्षकासाठीचा सगळ्यात भारदस्त शब्द आपल्याकडे झिजत झिजत गेला तो सुतार-लोहाराच्या घरी. आणि लॅटिनमधला शिक्षकासाठीचा शब्द समुद्र ओलांडून आला तोही सुताराच्याच घरी. शब्दांची मुळं सांगणाऱ्या यास्काच्या निरुक्तात विचारलंय, ‘आचार्यः कस्मात्’, आचार्य का म्हणायचं? उत्तर दिलंय, ‘आचारं ग्राहयति’, तो आचार घ्यायला लावतो म्हणून. नुसतं सांगत नाही, करायला लावतो. रंधा कसा धरायचा ते हातात देऊन दाखवतो. दोन लांबच्या भाषा, त्यांच्यात हजारो मैलांचं अंतर, आणि दोन्हींना शिकवणारा आणि घडवणारा एकच वाटला. पोर्तुगीज बायबलात येशूला शिष्य मेस्त्रे म्हणूनच हाक मारतात, आणि तो सुताराच्याच घरातला. माझ्या बार्देशकर मैत्रिणीने हे मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

म्हणून ‘टेलरला मास्तर म्हणतात’ हे ऐकून माझा संताप झाला. म्हणतात! म्हणायलाच हवं! कापडाला एकदा कात्री लागली की परत जोडता येत नाही, तिथे ज्याचा हात चुकत नाही तो मास्तर. पोस्टमास्तर, स्टेशन मास्तर, बँडमास्तर, सगळे ते काम अंगावर घेतलेले. आणि मंगेशीचे दीनानाथ? 1900 साली मंगेशीला जन्मलेल्या त्या गळ्याला अख्ख्या महाराष्ट्राने मास्टर दीनानाथ म्हटलं. नाटकमंडळ्यांत तशी रीत होती हे मला माहीत आहे. पण त्या नावाने त्यांचा मान उणा झाला असं अजून कुणाला वाटलेलं नाही.

बरं, ‘सर’ने काय मोठेपणा येतो? सर म्हणजे इंग्रजांच्या दरबारातला किताब. तो चालतो. मास्तर चालत नाही, कारण मास्तर गरीब होता. खरं कारण हे आहे, आणि ते कुणी बोलत नाही. मास्तर म्हटलं की चुरगळलेला सदरा, सायकल आणि महिनाअखेरीची उधारी डोळ्यांपुढे येते. लग्नाच्या बाजारात मास्तर नको, बागायतदार हवा. तुच्छतेने ‘मास्तुरे’ म्हणायचे लोक, तेही मी ऐकलंय. शब्दाला कुणी डाग लावला? ज्यांना पगार कमी दिला गेला त्यांनी नव्हे. आणि ही उतरंड आजची नाही. मनुस्मृतीत वेदाचा एखादा भाग पोटासाठी शिकवतो तो उपाध्याय, आणि एक आचार्य म्हणजे दहा उपाध्याय. पोटासाठी शिकवलं की माणूस खालचा! मास्तर पोटासाठीच शिकवत होते. चार मुलं होती त्यांना. आणि त्याच पोटाला चिमटा घेऊन किती जणांच्या पुस्तकांचे पैसे त्यांनी भरले, ते या मानपत्रात मी लिहिलं होतं. ते मात्र तसंच ठेवलंय हो. ‘सरांनी भरले’ असं छापलंय.

जरा थांबले. पाणी प्यायले.

आमच्या आजीच्या तोंडी मास्तर नव्हता. ती म्हणायची शेणयमाम. पोर्तुगीज अमलात गावातल्या मुलांना मोडी नि बाळबोध शिकवणारा तो शेणयमाम. देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे धर्मशाळेत, नाहीतर कुणाच्या तरी ओसरीवर शाळा भरायची, धुळीच्या पाटीवर बोटाने अक्षरं गिरवायची आणि दक्षिणा म्हणून तांदूळ, नारळ, सणाला धोतर. वालावलीकरांनी कोंकणीत लिहायला घेतलं तेव्हा स्वतःला शणै गोंयबाब म्हणवलं, त्यातला शणै हाच. भाषेच्या बाबतीत त्यांचं नि माझं जमणार नाही, ते कोंकणीचे नि मी मराठीची, पण शिकवणाऱ्याचा मान त्यांनी टोपणनावात पुढे लावला, तो शब्द गावठी आहे म्हणून लपवला नाही, एवढं मी त्यांना देते. घाटावर याच माणसाला पंतोजी म्हणत. पंडिताचा पंत, त्याला जी. पोर्तुगीज शाळेतून प्रिमेर ग्राव, सेगुंद ग्राव, म्हणजे पहिली-दुसरी पायरी, केलेले माझे काका मात्र ‘प्रोफेसोर’ म्हणायचे, अगदी पहिलीच्या शिक्षकालाही. एकाच घरात, एकाच चुलीजवळ, शेणयमाम, प्रोफेसोर, मास्तर आणि आता माझ्या नातीची ‘टीचर’. कुठलाच शब्द कुणी टाकून दिला नव्हता. आज पहिल्यांदा कुणीतरी लाल पेनने काट मारली.

मास्तर मारायचे का? मारायचे. निरगुडीची छडी होती, माझ्याही हातावर तिचे वळ उठलेत. ते चूकच होतं, त्यावर मी वाद घालणार नाही. शिक्षक आणि शिक्षा हे शब्द एका धातूचे. तो धातू ‘शक्’ला जाऊन मिळतो, म्हणजे शकणे, जमणे. शिक्षा म्हणजे मुळात ‘मला जमावं’ ही इच्छा. आपण मराठी माणसांनी त्या शब्दाची छडी करून टाकली, कोर्टात न्यायाधीशसुद्धा शिक्षाच सुनावतात. मास्तरांच्या हातात मी दोन्ही शिक्षा पाहिल्या. पण मांगरात रंधा धरून “परत एकदा दाखवा” म्हणणारे मास्तर होते ना, त्यांच्यात ती पहिली शिक्षा होती. मला जमावं, ही. मला जन्मभर पुरली ती. बँकेत चाळिशीत कॉम्प्युटर आला तेव्हा माझ्याहून वीस वर्षांनी लहान मुलाशेजारी खुर्ची ओढून मी म्हटलं होतं, परत एकदा दाखव. जीभ अडखळली नाही.

चौकट त्या संध्याकाळी पूर्ण झाली. तीन कोपरे काटकोनात, एक थोडा वाकडा. उडालेल्या कोपऱ्याच्या जागी मेस्तांनी लाकडाचाच त्रिकोणी तुकडा बसवून दिला. मास्तरांनी चुलीत खिळा तापवला आणि मागच्या पट्टीवर माझं नाव डागलं. मेस्तांनी पैसे घेतले नाहीत. त्यांची मुलगी पहिलीत होती. मास्तर म्हणाले ते मला नीट ऐकू आलं नाही, पण दुसऱ्या दिवसापासून ती मुलगी दुपारी शाळा सुटल्यावर मास्तरांजवळ बसून पाढे म्हणायला लागली. पुढे तीही शिक्षिका झाली. आज आली होती, मागच्या रांगेत बसली होती. तिला कुणी स्टेजवर बोलावलं नाही.

हो, स्टेजचं राहिलंच. मधली मोठी खुर्ची पाहुण्या मंत्र्यांची, ते तासभर उशिरा आले. मास्तर कडेच्या खुर्चीवर, उन्हाची तिरीप तोंडावर. ‘मागिस्तेर’ म्हणजे अधिक हे वर लिहिलं. ‘मिनिस्टर’ त्याच्या उलट शब्दावरून आहे, ‘मिनुस’, उणा. सेवा करणारा, खाली उभा राहणारा. भाषेने खुर्च्या कशा मांडल्या होत्या आणि आम्ही कशा मांडल्या, ते बघा.

आणि ती शाळा? तिला कुलूप आहे. पटसंख्या घटली, वरून कागद आला, मुलं दुसऱ्या शाळेत गेली. कौलं उतरली आहेत, पडवीत गुरं बसतात. पालकांचंही चुकतं असं मी म्हणत नाही, मीही माझा मुलगा म्हापशाला इंग्रजीत घातला होता. घातला. पण ‘परमपूज्य गुरुवर्य’ म्हणून शाल पांघरणारे हेच हात शाळा बंद होताना कुठे होते? एक अर्ज केला का कुणी? मीही नाही केला. ज्यांच्या शाळेला आम्ही कुलूप लागू दिलं त्यांना एवढा मोठा शब्द देतो, तेव्हा तो मानाचा राहत नाही, भरपाईचा होतो.

खूप रागावून लिहिलं मघाशी. त्या मुलावर राग नाही माझा. त्याने चांगल्या मनानेच केलं, त्याला वाटलं मोठ्या माणसाला मोठा शब्द द्यावा. त्याला कुणी हे सांगितलंच नसेल. उद्या त्याला घरी बोलावणार आहे.

मानपत्र वाचून झालं, फोटो झाले, पाहुणे गेले. मी मास्तरांजवळ जाऊन वाकले. त्यांना आता कमी दिसतं, कमी ऐकू येतं. हाताने माझं डोकं चाचपलं आणि म्हणाले, “बरां लिवलंस गो चेडवा. पण तो गुरुवर्य कोण?”

मला उत्तर देता येईना. मी पिशवीतून ती चौकट काढली. घरून मुद्दाम घेऊन गेले होते. पाटी केव्हाच फुटून गेली, चौकट पन्नास वर्षं माझ्या कपाटात आहे. त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी अंगठा पट्टीवरून फिरवत नेला. पहिला कोपरा. दुसरा. तिसरा. चौथ्याला अंगठा थांबला, परत मागे गेला, परत पुढे आला.

“ह्यो कोनो माजो,” मास्तर म्हणाले. “वाकडो आसा. बाकीचे तीन मेस्ताचे.”